टपालानं माग शिकता येईल?

2020च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि शाळांबरोबर आयटीआयही बंद झाल्या. शाळांमधून मोबाईलवर गणित आणि इतिहास सुरू झाले, तसेच आयटीआयच्या निदेशकांनीही आपले तास पडद्यावर नेले. यंत्राचं ड्रॉइंग, कार्यशाळेतली आकडेमोड, सुरक्षेचे नियम, हत्यारांची नावं, हे सगळं बऱ्यापैकी जमलं. अडलं ते दुसऱ्याच जागी. फिटरच्या पहिल्या वर्षात मुलांना कानस चालवायला शिकवतात. लोखंडाचा तुकडा शेगड्यात पकडायचा, घासून सपाट करायचा, त्याच्या कडा एकमेकींशी काटकोनात आणायच्या. मग गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा शेगड्यात. दिसायला बिनडोक वाटणारं हे काम मुलं कित्येक दिवस करतात, आणि त्यातून त्यांच्या मनगटाला सपाट म्हणजे काय ते कळतं. घरी ना शेगडा होता, ना कानस. प्रात्यक्षिकं कार्यशाळा उघडेपर्यंत थांबली.

तेव्हापासून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो: व्यवसाय शिक्षण संपूर्णपणे दुरून, पडद्यावरून देता येईल का? प्रश्न नवा असल्यासारखा विचारला जातो. प्रत्यक्षात तो टपालाच्या काळापासूनचा, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याचं उत्तर शोधताना आम्ही भिवंडी डोळ्यांपुढे ठेवणार आहोत, कारण या गावात शाळेचं तोंड न पाहता पिढ्यान् पिढ्या लोक एक अवघड यांत्रिक काम शिकत आले आहेत. ते कसे शिकले, हे पाहिलं की दुरून काय देता येतं आणि काय नाही, याचा अंदाज येतो.

पण आधी थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात कापडाच्या यंत्रांचं ज्ञान फक्त इंग्लंडकडे होतं आणि ते बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या सरकारनं कायदे केले. कापडाची यंत्रं आणि त्यांचे आराखडे परदेशी नेण्यावर बंदी होतीच, पण कुशल कारागिरांनी देश सोडण्यावरही होती. यातली कारागिरांवरची बंदी 1824 साली उठली, यंत्रांवरची 1843 साली. ज्ञान कागदात असतं, यंत्रात असतं आणि माणसातही असतं, हे त्या कायदे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची भीती खरीही ठरली. अमेरिकेत पॉटकेट या गावी मोझेस ब्राउन नावाच्या व्यापाऱ्यानं सूतकताईची यंत्रं मिळवली होती. ती त्याच्याकडे नीट चालेनात. 1789 साली सॅम्युएल स्लेटर हा तरुण इंग्लंडहून शेतमजूर असल्याचं भासवून जहाजात बसला. त्याच्याजवळ आराखडा नव्हता. मात्र आर्कराइटची यंत्रं वापरणाऱ्या गिरणीत त्यानं उमेदवारी पुरी केली होती. 1790 साली त्यानं पॉटकेटमध्ये चालणारी यंत्रं उभी करून दाखवली. यंत्र तिथे आधीच होतं. नव्हता तो ते चालवून शिकलेला माणूस.

मुंबईतही तेच घडलं. 1854 साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची स्थापना केली तेव्हा यंत्रं लँकेशायरहून आली आणि ती चालवून दाखवणारे तंत्रज्ञही तिथूनच आले. त्यांच्याकडून काही जण शिकले, त्यांच्याकडून आणखी काही. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं आपल्या गाववाल्याच्या, नातलगाच्या ओळखीनं खात्यात शिरत, त्याच्या शेजारी उभी राहून शिकत, आणि जॉबरच्या मर्जीनं मागावर लागत. 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, भायखळ्याला सुरू झाली आणि रिपन टेक्स्टाईल स्कूल तिचाच भाग होतं. गिरण्यांना देखरेख करणारे अधिकारी त्या शाळेतून मिळू लागले. विणकर मात्र पुढेही विणकराकडूनच तयार होत राहिला.

भिवंडीचा इतिहास या मुंबईला लागूनच आहे. 1857च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर मोमीन कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. त्यांतली काही मालेगावला राहिली, काही भिवंडीला. पुढे तेलंगणातून आलेले पद्मशालीही इथे विणायला लागले. 1930च्या दशकात हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. त्यात मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग पुष्कळ होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर तर गिरण्यांचं विणकाम भिवंडीकडे वळलं, त्यामागून गिरण्यांची यंत्रं आली आणि काम गेलेली माणसंही आली. पन्नासेक किलोमीटरचा हा प्रवास कुठल्याही पुस्तकानं केला नाही.

आता शिकायचं ते नेमकं काय, हे पाहू. साधा माग मिनिटाला दीडशे फेरे घेतो असं धरा. म्हणजे एका फेऱ्याला 0.4 सेकंद. त्या एका फेऱ्यात ताण्याचे निम्मे धागे वर आणि निम्मे खाली जाऊन मधे वाट उघडते, धोटा त्या वाटेनं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, वाट मिटते आणि फणी येऊन नवा आडवा धागा कापडाला ठोकून बसवते. पूर्ण फेरा 360 अंशांचा मानला तर धोटा साधारण 110 अंशांना वाटेत शिरतो आणि 240च्या आसपास बाहेर पडतो. गणित करून पाहा, वर्गात मुलांकडूनही करून घेता येईल: 130 अंशांना लागणारा वेळ 0.144 सेकंद, म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. तेवढ्यात लाकडाचा एक जड तुकडा ठोसा खाऊन निघतो, पलीकडे पोचतो आणि तिथे थांबवला जातो. लवकर निघाला तर वाट पुरती उघडलेली नसते आणि ताण्याचे धागे तुटतात. उशीर झाला तर वाट मिटताना तो आतच सापडतो आणि एका झटक्यात शेकडो धागे जातात. ते सांधत बसायला तास तास लागतात आणि बहुतेक कारागिरांना मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. धोटा वाट सोडून बाहेर उडाला तर शेजारच्या माणसाच्या अंगावर जाण्याची भीती.

हे सगळं आम्ही आत्ता शब्दांत सांगितलं, आणि वाचकाला समजलंही असेल. पण जॉबर बिघडलेल्या मागापाशी येतो तेव्हा तो अंश मोजत नाही. तो आवाज ऐकतो. ठोशाचा आवाज बोथट आहे की कोरडा, हे त्याला कळतं. चामड्याचा पट्टा दाबून पाहतो. माग बंद करून चाक हातानं एक फेरा सावकाश फिरवतो, कुठे जड जातं ते मनगटानं पाहतो आणि एखादा नट पाव फेरा आवळतो. पाव फेराच का, असं विचारलं तर बऱ्याचदा त्याला सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मागांच्या कारखान्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो आणि बोललेलं ऐकू येत नाही. तिथलं शिकवणं म्हणजे हात धरून दाखवणं, बोटानं खूण करणं, चुकलं की खांद्यावर थाप मारून बाजूला करणं. शब्दांवाचून चालणारा हा वर्ग आहे. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण त्या वर्गाची जागा कशी घेणार?

तरीही दुरून व्यवसाय शिकवण्याचा प्रयत्न झाला, मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तो फसला असं म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात कोळशाच्या खाणींत सतत अपघात होत. 1885च्या कायद्यानं खाणीतल्या मुकादमांना परीक्षा सक्तीची केली. खाणकामगार तर दिवसभर जमिनीखाली. शाळेत जाणार कधी? स्क्रँटन गावात टॉमस फॉस्टर खाणकामाविषयीचं नियतकालिक चालवत असे. त्यात तो कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागला. त्यातून 1891च्या सुमारास टपालानं चालणारा खाणकामाचा अभ्यासक्रम निघाला, आणि त्यातूनच इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स ही अवाढव्य संस्था उभी राहिली. यंत्रं, वीज, रेल्वे, कापड असे तिचे विषय वाढत गेले. माग दुरुस्तीवरचीही पुस्तकं तिनं काढली. लाखो लोकांनी पैसे भरून नावं घातली. त्यांतले पुष्कळ जण अर्ध्यातच सोडून जात, हेही खरं.

या संस्थेच्या यशाकडे बोट दाखवून, बघा, टपालानं धंदा शिकवता येतो, असं म्हटलं जाई. पण तिचा विद्यार्थी कोण होता? दिवसभर खाणीत राबून संध्याकाळी दिव्याखाली पुस्तक उघडणारा माणूस. खाण त्याच्याकडे होतीच. वायूचा भडका का उडतो, हवा खेळती ठेवायला किती झोत लागेल, छताला आधार कुठे द्यायचा याचं गणित तेवढं नव्हतं, आणि ते पाकिटातून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते पडताळून पाहू शकत होता. रेल्वे कामगारांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक शिकवायची वेळ आली तेव्हा मात्र नुसतं पाकीट पुरेना. मग या टपाली शाळेनं रेल्वेचे डबेच शिकवण्यासाठी तयार केले, त्यात खरी ब्रेकची सामग्री बसवली आणि ते रुळांवरून ठिकठिकाणी पाठवले.

आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या सरकारनंही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असाच मार्ग धरला होता. हातमाग विणकरांना उडत्या धोट्याचा माग शिकवायचा होता. 1733 साली जॉन के यानं काढलेली ती युक्ती: धोटा हातानं सरकवण्याऐवजी दोरीच्या झटक्यानं पळवायचा. त्यासाठी फिरत्या विणकाम शाळा काढल्या. शिक्षक आणि माग गावात येत, काही महिने मुक्काम करत, विणकरांना शिकवून पुढच्या गावी जात. उडत्या धोट्याचं तत्त्व चार ओळींत लिहून पाठवता आलं असतं. ते कागदावर फार सोपं आहे. झटक्याचा जोर मात्र कागदावर मावत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं जातं. इंग्रजी मासिकं आणि यंत्रांचे कॅटलॉग वाचून ते यंत्रविद्या शिकले, आणि 1903 साली त्यांनी लोखंडी नांगर बनवला. गोष्ट खरी आहे. पण ते मुंबईच्या त्याच व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ड्रॉइंग शिकवत होते आणि तिथली कार्यशाळा त्यांना जवळ होती. पुढे बेळगावला सायकलींचं दुकान आणि दुरुस्ती होती. वाचलेलं लगेच हातानं करून पाहायची सोय त्यांना पहिल्यापासून होती.

हाताला कळतं आणि तोंडाला सांगता येत नाही, ही काही निरक्षर कारागिराची उणीव नाही. मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञानं 1958च्या आपल्या पुस्तकात हंगेरीतल्या एका यंत्राची हकीकत दिली आहे. विजेच्या दिव्याचे काचेचे फुगे फुंकणारं यंत्र परदेशातून आणलं होतं. तसंच दुसरं यंत्र जर्मनीत व्यवस्थित चालू होतं. हंगेरीत मात्र वर्षभर त्यातून एकही निर्दोष फुगा निघाला नाही. पुढे हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञानं ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला. 1970 साली कॅनडातून टीईए लेसर जाहीर झाला होता. त्याची माहिती छापून आली, मग अनेक प्रयोगशाळांनी तो बनवायला घेतला. 1974 साली कॉलिन्सनं लिहिलं की केवळ छापील माहितीवरून तो चालू करण्यात एकही गट यशस्वी झालेला त्याला आढळला नाही. ज्यांना जमलं, त्यांचा आधी जमलेल्या कुणाशी तरी संबंध होता: भेटी, दूरध्वनी, माणसांची ये-जा. ही सगळी भौतिकशास्त्रात मुरलेली, लिहिण्यावाचण्यात तरबेज माणसं होती. तेव्हा भिवंडीच्या जॉबरला पाव फेऱ्याचं कारण सांगता आलं नाही, तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

पण पडदा म्हणजे टपाल नव्हे, असं कुणी म्हणेल. ते रास्त आहे. धोट्याचा तो सातवा भाग सेकंद चित्रफितीत संथ करून दाखवता येतो. जॉबरलाही जे उघड्या डोळ्यांनी कधी दिसलं नाही ते शिकाऊ मुलाला दिसतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आयटीआयमध्ये ती आणखी वापरायला हवी. शिवाय पडद्यावर उलट प्रश्न विचारता येतो. ही उलट वाट किती महत्त्वाची, हे आपल्याकडे रेडिओवरच दिसून आलं होतं. 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, मग बसून चर्चा करायची, शंका लिहून पाठवायच्या, आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूरॅथ यांनी त्याची पाहणी केली, तेव्हा श्रोत्यांच्या माहितीत स्पष्ट भर पडलेली दिसली. तिथेही शेत श्रोत्याकडेच होतं, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं; अंतर राखून शिकवणं हा तर त्याचा पायाच. तरी प्रात्यक्षिकाचे अभ्यासक्रम घेताना त्याला अभ्यासकेंद्रांची साखळी बांधावी लागली, कारण हत्यार कुठेतरी ठेवावं लागतं आणि विद्यार्थ्याला तिथवर यावं लागतं.

भिवंडीच्या कारागिराची स्थिती स्क्रँटनच्या खाणकामगारासारखी आहे. माग त्याच्यासमोर बारा बारा तास असतो. नाही ते कागदावरचं. 40 नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या 40 लडी, म्हणजे 33,600 यार्ड, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सूत हातात घेऊन तो जाडी ओळखतो, पण दिलेल्या कापडाला सूत किती लागेल याचा हिशेब मालकाकडे राहतो. आता धोट्याविना चालणारे रॅपियर माग येत आहेत. त्यात आडवा धागा धातूची चिमटी घेऊन जाते आणि बिघाड पडद्यावरच्या अंकांतून कळतो. इथे कान निम्माच कामाचा. ही कमतरता दुरून भरून काढता येईल, अगदी मोबाईलवरूनही, रात्रपाळी आणि दिवसपाळी सांभाळून. वस्त्रोद्योग आयुक्तांच्या योजनेतलं यंत्रमाग सेवा केंद्र गावात आहे, त्याच्या जोडीला असे धडे मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगूत असते तर आम्हाला ते मोलाचे वाटले असते. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत 2015पासून आधी शिकलेल्या कामाला प्रमाणपत्र द्यायची तरतूद झाली. तिचा अर्थ एवढाच की हातानं शिकलेला माणूस परीक्षेला बसू शकतो. त्याला हिशेब शिकवण्याचं काम उरतंच.

उलट, 2020च्या आयटीआयच्या मुलाकडे धडे होते आणि शेगडा नव्हता. त्याच्यासाठी पडदा अपुरा होता आणि आजही आहे. त्यातली काही मुलं भिवंडी परिसरात पसरलेल्या गोदामांत लागली असतील. 2017च्या वस्तू व सेवा करानंतर तिथे गोदामांची फार वाढ झाली आहे. फोर्कलिफ्ट चालवायचं काम तिथे असतं. त्याचे नियम तासाभरात पडद्यावर सांगून होतात. वर उचललेल्या मालासकट वळताना गाडी कुठे झुकते, ते सीटवर बसल्याशिवाय कळत नाही.

आम्हाला धास्ती आहे ती पैशांच्या हिशेबाची. कार्यशाळा महाग असते: यंत्रं, वीज, वाया जाणारं लोखंड, वीस मुलांमागे एक निदेशक. पडदा त्या मानानं स्वस्त पडतो. ‘संपूर्ण ऑनलाइन’ हा शब्द ज्या घाईनं उचलला जातो, त्यात शिक्षणाचा विचार किती आणि ही बचत किती, हे विचारायला हवं. बचत झालीच तर ती वैद्यकीय महाविद्यालयात होणार नाही. शवविच्छेदन पडद्यावर उरका असं कुणी म्हणत नाही. म्हटलं जाईल ते फिटर, वायरमन, वेल्डर यांच्याबद्दल, कारण त्यांच्या आईबापांचा आवाज फारसा वर जात नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून माध्यमिक शाळांमध्ये मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम नेला. सुतारकाम, वेल्डिंग, शेती, वीज हे सगळं मुलं गावासाठी प्रत्यक्ष करत. आज हाच विषय आपल्या शाळेत तासिकेवर असेल आणि खोलीत हत्यारांऐवजी टीव्ही टांगलेला असेल, तर मुख्याध्यापकांना एकदा विचारून पाहावं की हत्यारांची पेटी कुठे आहे.

आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेत सिद्धांताचा पेपर आता संगणकावर होतो. प्रात्यक्षिकाचा जॉब मात्र अजून परीक्षकाच्या टेबलावर ठेवावा लागतो. तो गुण्या लावतो आणि खिडकीकडे धरतो.